बटाटा यायच्या आधीची भाजी



चातुर्मास लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, आज भाजी काय करायची? कंदमूळ तर बाराही महिने नाही, त्यात बऱ्याच घरांत पालेभाजीही बंद. मग नव्या सुनांना वाटतं, आपला स्वयंपाक म्हणजे नुसती वजाबाकी. कांदा काढा, लसूण काढा, बटाटा काढा, उरेल ते शिजवा. मी कॉमर्सची पदवीधर. वजाबाकी दिसली की जमेची बाजू बघितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या जमेची बाजू इतिहासात चांगली भक्कम आहे.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यानंतर त्यांच्या जहाजांतून अमेरिकेतली पिकं आपल्याकडे आली. मिरची, काजू, पेरू, पपई, अननस आणि बटाटासुद्धा. टोमॅटोही मूळचा अमेरिकेचाच. 'बटाटा' हा शब्ददेखील पोर्तुगीज आहे, तसाच 'पाव'ही. लाल भोपळा आणि श्रावणघेवडाही तिकडचेच. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी या देशात कोणाच्याच घरी, जैन असो वा नसो, बटाट्याची भाजी होत नव्हती. तरी लोक चवीनं जेवत होते.

कसं जेवत होते, याचा एक पुरावा आपल्याच समाजातला आहे. कर्नाटकात मंगरस तिसरा नावाचा जैन कवी होऊन गेला. त्यानं 'सम्यक्त्वकौमुदी' लिहिली आणि 'सूपशास्त्र' नावाचा पाकग्रंथही लिहिला. काळ साधारण १५०८, म्हणजे पोर्तुगीज गोव्यात शिरण्याच्या उंबरठ्यावरचा. ग्रंथ कन्नडमध्ये, पद्यात आणि संपूर्ण शाकाहारी. धर्मकथा लिहिणाऱ्या माणसाला भाजीवर कविता करण्यात कमीपणा वाटला नाही, हे मला फार आवडतं. त्यात वांग्याचे प्रकार आहेत, केळीचे आहेत, फणसाचे आहेत. आपल्यापैकी अनेक घरांत बहुबीज म्हणून वांगं वर्ज्य असतं, पण या जैन लेखकाच्या ग्रंथात ते आहे. प्रांताप्रांताची, घराघराची रीत वेगळी असते, ती तेव्हाही होती.

तिखटाला तेव्हा मिरी, पिंपळी आणि सुंठ. मिरची नवीन आली तेव्हा तिला नावसुद्धा मिरीवरूनच मिळालं. भाज्या म्हणाल तर दुधी, पडवळ, दोडका, कारलं, कोहळा, तोंडली, सगळ्या जमिनीवरच्या वेलींच्या. संस्कृत कवी ओठांना ज्या बिंबफळाची उपमा देतात, ते म्हणजे पिकलेलं तोंडलंच बरं का!

आता मुद्द्याची गोष्ट. समंतभद्र आचार्यांचं 'रत्नकरंडक श्रावकाचार' हजार वर्षांहून जुनं. त्यात काय सोडावं ते सांगताना मुळ्याचं नाव आहे, ओल्या आल्याचं आहे. बटाट्याचं नाही, कारण बटाटा इथे नव्हताच. पण आचार्यांनी नावांबरोबर कारणही दिलं आहे, फळ थोडं आणि जीवांचा घात मोठा. पुढे बटाटा आला, इंग्रजांच्या काळात त्याची लागवड वाढली. यादीत नाव नाही म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी तो बिनदिक्कत शिजवला नाही. त्यांनी कारण लावून बघितलं आणि तो बाजूला ठेवला. मिरची आणि टोमॅटो त्याच कसोटीवर लावले आणि घरात घेतले. ज्यांतल्या कितीजणींना शाळा मिळाली असेल, पण हा विचार त्यांनी केला.

म्हणून मुली-सुनांना यादी पाठ करायला लावू नका, कारण सांगा. कारण कळलं तर बाहेरगावी वसतिगृहात राहणारी मुलगीसुद्धा स्वतः ठरवू शकते. झुकिनी चालेल का? वेलीला लागणारं फळ आहे, दोडक्याची लांबची बहीण समजा. शेंगदाणा जमिनीत पिकतो, पण तो शेंगेतला दाणा आहे, कंद नव्हे, म्हणून बहुतेक घरांत चालतो. ब्रोकोली, फ्लॉवर? तुऱ्यात किडे दडतात, पावसाळ्यात नकोच. नुसतं 'आपल्यात चालत नाही' एवढंच ऐकलेली मुलगी मात्र बाहेर पडली की सगळंच सोडून देते. मला काळजी वाटते ती याचीच.

आता स्वयंपाकघरात येऊ. बटाट्याची जागा भरायला आपल्याकडे कच्ची केळी आहे. हाताला तेल लावून चार केळ्यांचे देठ काढा, सालासकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या करा, गार झाल्यावर साल सोला. एवढ्या तयारीवर तीन पदार्थ होतात.

एक, फोडी करून जिरं, हिंग, कढीपत्ता, हळदीची फोडणी, वरून ओलं खोबरं आणि लिंबू. डब्याची सुकी भाजी झाली. दोन, किसून त्यात वाटलेली मिरची, सुंठपूड, मीठ घाला आणि डाळीच्या पिठात बुडवून वडे तळा. तीन, कुसकरून उकडलेला मटार, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि पावभाजी मसाला घाला. दुधी बारीक किसून यातच शिजवला तर भाजी मिळून येते. मसाल्याच्या पाकिटावरचे घटक मात्र वाचून घ्या, बऱ्याच मसाल्यांत कांदा-लसूण असतो.

आणि एकदा मंगरसाच्या काळातली चव म्हणून दोडका करून बघा. तुपात जिरं-हिंग, दोडक्याच्या फोडी, झाकणावर पाणी ठेवून वाफ. शेवटी भरडलेली मिरी, चिमूटभर सुंठ, चिंचेचा कोळ, गूळ आणि खोबरं. मिरची नाही, टोमॅटो नाही. आमच्याकडे नातवंडांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

सुनेला शिकवताना 'काय नाही' इथून सुरुवात करू नका. दुधी, पडवळ, दोडका, केळी ओट्यावर मांडा आणि यातून किती प्रकार होतात ते तिलाच मोजू द्या. मोजता मोजता ती 'का नाही?' हेही विचारेल, तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार असू द्या.