एआयजी बोनस वाद

एआयजी बोनस वाद हा मार्च २००९ मध्ये अमेरिकेत उद्भवलेला राजकीय व कायदेशीर वाद होय. अमेरिकन इंटरनॅशनल ग्रुप (एआयजी) ही विमा कंपनी सरकारी मदतीवर तग धरून असताना तिने एका उपकंपनीच्या कर्मचाऱ्यांना सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस दिले. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीवर पूर्वीचे वेतनकरार कितपत बंधनकारक असावेत, हा या वादाचा मूळ प्रश्न होता.

पार्श्वभूमी

एआयजीच्या ‘फायनान्शियल प्रॉडक्ट्स’ या उपकंपनीने ‘क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप’ हे करार मोठ्या प्रमाणावर विकले होते. नियमित हप्त्यांच्या मोबदल्यात, कर्जरोखे बुडाल्यास भरपाई देण्याची हमी त्यांत असे. गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांचे मूल्य कोसळल्यावर बँकांनी कंपनीकडे तारण मागितले. ते देणे तिला शक्य झाले नाही. १६ सप्टेंबर २००८ रोजी फेडरल रिझर्व्हने ८५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले व त्या बदल्यात सरकारला ७९.९ टक्के मालकी मिळाली. मदतीची एकूण मर्यादा पुढे सुमारे १८२ अब्ज डॉलरपर्यंत वाढली. २००८ च्या अखेरच्या तिमाहीत कंपनीला ६१.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला.

बोनस व कायदेशीर बाजू

कर्मचारी सोडून जाऊ नयेत म्हणून हे बोनस २००८ च्या आरंभीच कराराने ठरले होते. सप्टेंबर २००८ मध्ये सूत्रे हाती घेतलेले मुख्य कार्यकारी अधिकारी एडवर्ड लिडी स्वतः एक डॉलर वेतन घेत. करार मोडल्यास कनेक्टिकट राज्याच्या वेतनकायद्यानुसार दुप्पट रक्कम द्यावी लागेल, असा कायदेशीर सल्ला कंपनीला मिळाला होता. फेब्रुवारी २००९ च्या आर्थिक उत्तेजन कायद्याने मदत घेणाऱ्या कंपन्यांच्या बोनसवर मर्यादा घातली. परंतु ११ फेब्रुवारीपूर्वीचे करार त्यातून वगळले होते.

प्रतिक्रिया

न्यूयॉर्कचे महाधिवक्ता अँड्र्यू कुओमो यांच्या माहितीनुसार ७३ जणांना प्रत्येकी दहा लाख डॉलर वा अधिक रक्कम मिळाली. त्यांपैकी ११ जण कंपनी सोडून गेले होते. १९ मार्च रोजी प्रतिनिधिगृहाने अशा बोनसवर ९० टक्के कर लावणारे विधेयक ३२८ विरुद्ध ९३ मतांनी संमत केले; सिनेटने मात्र ते संमत केले नाही. लोकक्षोभामुळे अनेकांनी रक्कम परत करण्याचे मान्य केले.

बोनसची रक्कम एकूण मदतीच्या एक हजारांशाहूनही कमी होती. त्याच सुमारास उघड झालेल्या यादीनुसार, मदत मिळाल्यानंतर एआयजीकडून एकट्या गोल्डमन सॅक्सला १२.९ अब्ज डॉलर मिळाले होते. त्यामुळे बोनसच्या गदारोळात अधिक मोठा प्रश्न झाकोळला, अशी टीकाही झाली.

परिणाम

जून २००९ मध्ये केनेथ फाइनबर्ग यांची वेतनविषयक विशेष अधिकारी म्हणून नियुक्ती झाली. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वेतनावर मत देण्याचा हक्क भागधारकांना दिला. मात्र हे मत सल्लावजा असून संचालक मंडळावर बंधनकारक नाही. चुकीच्या हिशेबांवर आधारित बोनस परत घेण्याची तरतूदही त्यात होती. तिचे अंतिम नियम २०२२ मध्ये मंजूर झाले. सरकारने एआयजीतील आपले उरलेले समभाग डिसेंबर २०१२ मध्ये विकले.