तराजूची छाप

सोनार दुसऱ्या सोनाराच्या शब्दावर सोनं घेत नाही. कसोटीचा दगड काढतो, रेघ ओढतो, मगच भाव बोलतो. मग एका देशाच्या सरकारनं दुसऱ्या देशाच्या पारख्यावर भरवसा ठेवावा, तो कशाच्या बळावर?

सरकारी पारख ही गोष्ट तशी जुनी. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजानं १३०० साली कायदा केला, की चांदीचा जिन्नस ठरलेल्या कसाला उतरल्यावाचून आणि त्यावर बिबळ्याच्या तोंडाची छाप उमटल्यावाचून कारागिराच्या हातून बाहेर पडू नये. पुढं १४७८ पासून लंडनचे कारागीर आपला माल तपासणीसाठी सोनारसंघाच्या ‘हॉल’मध्ये नेऊ लागले. त्या हॉलची खूण, तो ‘हॉलमार्क’!

इतर देशांनीही आपापल्या छापा ठरवल्या. पण कस मात्र ज्याचा त्याचा. इंग्रजांची चांदी हजारात ९२५ भागांची, तर नॉर्वेत ८३० भागांची चाले. इंग्लंडात ९ कॅरटचं, म्हणजे हजारात ३७५ भागांचं सोनंही सोनंच. पोर्तुगालात परंपरेचा कस ८०० चा. तेव्हा सीमा ओलांडली, की दागिना पुन्हा तपासणीला.

ही तपासणी म्हणजे काय? दागिना किंचित खरवडायचा. तो कीस थोडी चांदी घालून शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवायचा. हिणकस धातू शिशासकट राखेत जिरतात. उरलेल्या मण्यातली चांदी नत्राम्लात विरघळवली, की राहतं ते सोनं. त्याचं वजन करायचं. पारख बिनचूक होते खरी, पण तयार दागिन्यावर ओरखडा येतो, खर्च होतो, दिवस मोडतात. मोठ्या व्यापाऱ्याला हे सोसतं. लहान कारागिराला मात्र परका बाजार दूरच राहतो.

१९६० साली इंग्लंड, स्वीडन, स्वित्झर्लंड आदी सात देशांनी मुक्त व्यापाराचा संघ काढला. १९६६ अखेर औद्योगिक मालावरची आपसातली जकात बहुतेक उठली. पण जकातीचा नाका उठला तरी कसोटीचा नाका तिथंच!

तो हटवण्यासाठी १५ नोव्हेंबर १९७२ रोजी व्हिएन्ना इथं ऑस्ट्रिया, फिनलंड, नॉर्वे, पोर्तुगाल, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि ब्रिटन यांनी करार केला. १९७५ पासून त्याचा अंमल सुरू झाला. यातली खुबी पाहा. कुणीही आपला कायदा मोडीत काढला नाही. फक्त एक सामाईक छाप ठरवली: तराजूचं चित्र आणि त्यात कसाचा आकडा. शेजारी माल सादर करणाऱ्याची आणि तपासणी कचेरीची खूण. ही छाप असली, की आयात करणाऱ्या देशानं फेरतपासणीची सक्ती करायची नाही.

म्हणजे ३७५ च्या वस्तूला सोनं म्हणायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण ती ३७५ चीच आहे, यावर वाद नको. मान्यता दिली ती कसाला नव्हे, पारखेला!

आणि हा भरवसा आंधळा नव्हे, बरं का. तपासणीच्या पद्धती ठरलेल्या आहेत. अधूनमधून नमुना तपासण्याचा हक्क प्रत्येकानं राखला आहे. शिवाय एकाच धातूचे नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे धाडून त्यांचे आकडे ताडून पाहतात. इथं पारख्यालाही कसोटी लागते.

याचं मोल पुढं कळलं. १९९४ साली युरोपीय न्यायालयानं निकाल दिला, की एका सदस्य देशातल्या स्वतंत्र संस्थेनं दिलेली समतुल्य छाप दुसऱ्यानं मानावी. पण २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडला आणि त्या निकालाचा आधार ब्रिटिश छापेला उरला नाही. व्हिएन्नाचा करार मात्र स्वतंत्र होता. घर वेगळं झालं, तरी तराजू सामाईक राहिला. आणि त्या छापेचा ब्रिटिश दागिना करारातल्या देशांत पूर्वीसारखाच चालत राहिला.