सेवेचा हिशेब



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असे आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय लिहिणार? पण माझी मुलगी हल्ली कॉलेजात अर्थशास्त्र शिकते आणि मोठ्याने वाचायची तिला सवय आहे. भाजी निवडता निवडता माझ्या कानावर पडते. परवा ती वाचीत होती, की पुढारलेल्या देशांत शेती व कारखाने ह्यांच्यापेक्षा 'सेवाक्षेत्र' मोठे होत चालले आहे. मी विचारले, "सेवा म्हणजे ग काय?" ती म्हणाली, "आई, शेत धान्य देते, गिरणी कापड देते. पण गाडी, बँक, दवाखाना, शाळा, खाणावळ ह्यांचे काम हातात धरता येत नाही, तरी त्याचे पैसे मिळतात. ती सेवा." खाणावळीचे नाव निघाले आणि माझ्या हातातली भाजी तशीच राहिली.

कामधंद्यांचे असे तीन भाग पाडण्याचा विचार फिशर ह्या पंडितांनी १९३५ साली मांडला आणि कॉलिन क्लार्क ह्यांनी १९४० साली आपल्या ग्रंथात तो विस्ताराने लिहिला. आधी बहुतेक माणसे शेतीत, मग कारखान्यांत, मग सेवेत, असा देशांचा प्रवास होतो असे त्यांचे म्हणणे. आपल्या मुंबईकडे पाहिले तर हे पुष्कळसे खरे वाटते. परंतु एक गोष्ट मला वेगळी दिसते. गिरण्या बंद पडल्यावर सेवा आली असे नाही. गिरणीच्या पहिल्या दिवसापासून ती होतीच. फक्त तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. कावसजी दावर ह्यांनी मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची कंपनी १८५४ साली उभी केली. म्हणजे माल वाहणारी गाडी गिरणीच्याही आधीची! पुढे गिरण्या वाढल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. बहुतेकांची बायकामुले गावीच. एकेका खोलीत दहा-पंधरा गडी, पाळीपाळीने झोपणारे. यंत्रे मालकाने आणली, कापूस व्यापाऱ्याने आणला. पण त्या गड्यांना दोन वेळा जेवू कोणी घातले? चाळीतल्या खाणावळवाल्या बायकांनी. आणि कचेरीत बसणाऱ्यांना घरचे जेवण पोहोचावे म्हणून महादू बच्चे ह्यांनी १८९० साली डबे पोहोचविण्याचे काम सुरू केले. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ इकडची माणसे त्यात आली. गिरणीचा भोंगा साऱ्या मुंबईला ऐकू जाई. त्याच्या आधी दोन तास पेटलेली चूल कोणाला दिसत नसे.

माझ्या आईची अशीच खाणावळ होती. वडील गिरणीत साच्यावर. आईकडे अकरा गडी जेवायला. पहिल्या पाळीसाठी ती पहाटे चारला उठे. रात्रपाळीच्या माणसाचे ताट झाकून ठेवी. पैसे महिन्याचा पगार झाल्यावर मिळत, पण वाण्याचे दुकान महिनाभर थांबत नसे. मग अंगावरचे डोरले सावकाराकडे जाई, सुटून येई आणि पुन्हा जाई. हे एका घरचे नव्हते, शेकडो घरांचे होते. म्हणूनच प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि खाणावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक हा धंदा आहे आणि त्याला बँकेने पैसे द्यावेत, ही गोष्ट त्या काळी मोठीच होती.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा अगदी लहान. पण आईच्या तोंडून इतके वेळा ऐकले आहे की पाहिल्यासारखे वाटते. अकरापैकी नऊ गडी गावी निघून गेले. उरलेल्या दोघांकडे पैसे नव्हते, तरी आईने त्यांना वाढायचे थांबविले नाही. संप मागे घेतल्याचे कोणी जाहीर केले नाही. तो विरत गेला. वडिलांची नोकरी गेली ती गेलीच. ते एका इमारतीत पहारेकरी झाले आणि आई चार घरची धुणीभांडी व स्वयंपाक करू लागली. आमच्यापुरते हेच ते सेवाक्षेत्र!

आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आहे, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आहेत. देशाच्या उत्पन्नात निम्म्याहून अधिक वाटा आता सेवेचा आहे. पण त्यात कामाला असलेली माणसे जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी, असे मुलगी सांगते. म्हणजे थोड्यांना पुष्कळ मिळते. बँकेतला साहेब सेवेतच आणि दारात गरम डबा आणून देणारा पोरगाही सेवेतच. एकाला पेन्शन, दुसऱ्याला पावसात घसरला तर औषधाचे पैसेही नाहीत. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. आईचे हात तोपर्यंत थकले होते.

आता मनातले सांगते. सातवीत असताना शाळेच्या एका फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' असे विचारले होते. मी म्हटले, "ती घरकामाला जाते." कारकुनाने लिहिले, 'काही नाही'. त्याच वर्षी माझी शाळा सुटली; कारण आई कामाला गेल्यावर धाकट्या दोन भावंडांना पाहायला घरात कोणी नव्हते. आईने चार घरी केलेल्या कामाचे निदान पैसे तरी मिळत. मी आमच्या घरी केले त्याचे नाव कोणत्याच वहीत नाही.

पिगू नावाच्या इंग्रज पंडितांनी १९२० सालीच लिहून ठेवले आहे, की एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर देशाचे उत्पन्न कमी होते. काम तेच, बाई तीच. पगार थांबला म्हणून हिशेबातून नाव गेले. हे ऐकून मी हसले, मग हसू मावळले. सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. आपल्या घरचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. निदान मिनिटे मोजली जाऊ लागली, हेही नसे थोडके.

घरच्या माणसांच्या जेवणाचे पैसे मागावेत असे माझे म्हणणे नाही. माया विकत मिळत नाही, आणि मिळूही नये. पण माया आहे म्हणून काम नाही, असे कोणी म्हणू नये. येत्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपले एका दिवसाचे काम, उठल्यापासून निजेपर्यंतचे, एका कागदावर लिहून आणावे, अशी माझी सूचना आहे. जिला लिहिता येत नाही तिचे मी लिहून देईन. ते कागद मंडळाच्या दप्तरी राहू देत. आणि आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईलाही त्या दिवशी बोलवावे, म्हणजे तिचाही कागद त्यात असेल.