पाच यंत्रांत सहावं

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या आजोबांचं शॉपस्मिथ आमच्या गराजमध्ये आलं. आजोबा गेले, तेव्हा आजी म्हणाल्या, "घेऊन जा. पण नुसतं ठेवू नका हं, वापरा."

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. हान्स गोल्डश्मिट हा जर्मनीतून अमेरिकेत आलेला माणूस. महायुद्धानंतर घरोघरी हौशी सुतार तयार होत होते, पण प्रत्येकाकडे पाच यंत्रांइतकी जागा आणि पैसा कुठून असणार? १९४७ मध्ये त्याचं यंत्र बाजारात आलं. मोटर एकच, पण तिच्यावर गोल करवत, लेथ, सँडर, उभं ड्रिल आणि आडवं ड्रिल अशी पाच कामं. १९५० च्या दशकात 'मार्क फाइव्ह' आलं. पुढे उत्पादन बंद पडलं, आणि १९७२ मध्ये जॉन फोकर्थ यांनी हक्क विकत घेऊन ओहायोतल्या डेटनमधून ते पुन्हा सुरू केलं.

मला पुस्तकांच्या कपाटासाठी फळ्यांना खोबणी करायच्या होत्या. म्हटलं, पाच कामं करतं तर सहावंही करेल! यंत्रातच राउटरचं बिट बसवलं. खोबण झाली, पण कडा फाटलेल्या आणि जळकट.

कारण सोपं आहे. मार्क फाइव्हचा वेग मिनिटाला ७०० ते ५,२०० फेरे. करवतीचं पातं १० इंचांचं, त्यामुळे ३,५०० फेऱ्यांनाही त्याचे दात सेकंदाला ४५ मीटरच्या आसपास धावतात. १२ मिलिमीटरचं बिट मात्र ५,२०० फेऱ्यांना जेमतेम ३ मीटर! हातात धरायचा राउटर २०,००० फेरे घेतो, तेव्हा कुठे तेच बिट १२ मीटरच्या वर जातं.

मग एकच उपाय उरला, राउटर वेगळा आणायचा आणि टेबलाखाली उलटा टांगायचा. त्यासाठी टेबलाला भोकं पाडावी लागणार होती. ड्रिल हातात घेतलं आणि आजोबांची आठवण आली... हात थांबला.

शेवटी मुख्य टेबल आणि टोकाचं जोडटेबल यांच्यामध्ये जाड प्लायवूडचा पूल केला, दोन्हीकडे क्लँपने आवळला आणि राउटर त्या पुलाखाली टांगला. फळी टेकवायला मूळचीच आडपट्टी वापरली. यंत्राची मोटर बंदच. वेग राउटरचा, आधार आणि सरळपणा शॉपस्मिथचा. उद्या पूल काढला तर यंत्र जसंच्या तसं!

पहिली फळी आजींना दाखवली. खोबणीतून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "त्याला हे जमलं नव्हतं कधी."

मी म्हटलं, यंत्रालाही नव्हतं जमत, आजी.

असो. कपाट अजून अर्धंच झालंय. पुरं झालं की फोटो टाकतोच.