किशोरवयीन मुलांचे खाणे आणि घरातले नियम

१० ते १९ वर्षे या वयात मुलांची उंची, हाडे आणि स्नायू झपाट्याने वाढतात. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज सुमारे ३० मिलिग्रॅम लोह लागते, तर मोठ्या पुरुषाला १९. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय होता.

घराच्या परिस्थितीचा परिणाम

लालबाग-परळची अनेक कुटुंबे गिरण्यांच्या काळात कोकणातून किंवा घाटावरून आली. भात-मासळी, भाकरी-उसळ ही त्यांची रोजची सवय. आता अनेक घरांत आई-वडील दोघेही नोकरी करतात. मूल शाळेतून थेट दादरला क्लासला जाते आणि मधल्या भुकेला वडापाव खाते. हा केवळ मुलाचा हट्ट नसतो. त्या वेळी हाताशी दुसरे काही नसते. डब्यात भाजलेले चणे, शेंगदाणे-गूळ, उकडलेले अंडे किंवा केळे दिले तर ही अडचण थोड्या खर्चात सुटते.

कोणते नियम उलटतात?

• पूर्ण बंदी : हातात पैसे असलेले मूल बंदी घातलेला पदार्थ बाहेर आणि लपून खाते.
• ‘ताट संपवच’ हा आग्रह : यामुळे पोट भरल्याची जाणीव दुर्लक्षित करण्याची सवय लागते.
• वजनावरून टोमणे : यातून उपाशी राहणे किंवा एकदम खूप खाणे सुरू होऊ शकते.
• मुलगा-मुलगी भेद : माशाचा मोठा तुकडा मुलाला आणि ‘तू जरा कमी खा’ मुलीला. लोहाची गरज मात्र तिलाच जास्त असते.

मुळीच नियम नसणेही बरे नाही. अशा घरांत नाश्ता हमखास बुडतो.

काय करावे?

काय शिजवायचे आणि जेवणाची वेळ कोणती, हे पालकांनी ठरवावे. किती खायचे, हे मुलावर सोडावे. नियम घरातल्या सर्वांना सारखे हवेत. बाबा रोज कोल्ड्रिंक आणत असतील, तर मुलाला केलेला उपदेश वाया जातो. दिवसातून एक जेवण टीव्ही-मोबाइल बंद ठेवून एकत्र घ्यावे. रात्री जमत नसेल तर सकाळचा नाश्ता चालेल. वडापाव कधीतरी, ठरवून, सर्वांनी मिळून खावा. उसळ किंवा पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा टाळावा. त्यामुळे लोह चांगले शोषले जाते. सरकारी आणि महापालिका शाळांत आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी मोफत देण्याची योजना आहे. ती मुलांना घेऊ द्यावी.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• चाळीचा जिना चढताना धाप लागणे, चक्कर, सततचा थकवा
• वजन झपाट्याने घटणे किंवा वाढणे
• सुरू झालेली पाळी सलग तीन महिने न येणे
• जेवणानंतर मुद्दाम उलटी करणे, लपून खाणे
• मानेवर काळपट, जाडसर त्वचा (हे मधुमेहाच्या धोक्याचे लक्षण असू शकते)

तपासणीच्या वेळी मुलाला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्यावे. घरी न सांगितलेली गोष्ट बरेचदा तेव्हाच कळते.