टाकलेल्या वस्तूंची साक्ष

माणसें जें जपून ठेवतात त्यावरून त्यांचा अभिमान कळतो, आणि जें टाकून देतात त्यावरून त्यांचा नित्यक्रम कळतो. अभिमानाची साक्ष दप्तरांत आणि देव्हाऱ्यांत सांपडते. नित्यक्रमाची साक्ष बहुधा परसांतल्या एखाद्या खड्ड्यांत पडलेली असते.

इंग्लंड-अमेरिकेंत असे खड्डे शोधण्याचा छंद पुष्कळांना आहे. तिकडे गटारें येण्यापूर्वीं घरामागें शौचकूप असे. फुटकी बशी, औषधाची रिकामी बाटली, तुटकी बाहुली हीं सारीं त्यांतच पडत. शंभर-दीडशें वर्षांनीं मळाची माती होते. कांच मात्र कुजत नाहीं.

आपल्याकडील संशोधकांनींहि टाकलेल्या वस्तूंना प्रश्न विचारले आहेत. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तेथील जळक्या सातूचे दाणे आणि जनावरांचीं हाडें बारकाईनें तपासण्यांत आलीं. इसवी सनापूर्वीं १००० च्या सुमारास तेथें चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि शिकार वाढली. यावरून म. के. ढवळीकर यांनीं अवर्षणाचें अनुमान काढलें. त्या लोकांनीं एक अक्षरहि लिहून ठेवलेलें नव्हतें!

जुन्या मुंबई शहरांत असे कूप विपुल सांपडावेत ही अपेक्षा मात्र करूं नये. तेथें टोपलीचे संडास असत, आणि इमारतींमधील घरगल्लींतून शिरून सफाईची माणसें मैला उचलून नेत. १८८८ च्या पालिका कायद्यांत त्यासाठीं ‘हलालखोर कर’ या नांवाची पट्टीच होती. जातीच्या जुलमानें हें काम ज्यांच्या माथीं आलें, त्यांचे श्रम कोणत्याहि खड्ड्यांत दिसत नाहींत. ते कागदपत्रांतून आणि त्यांच्या वंशजांच्या तोंडून जाणून घ्यावे लागतील. १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं या प्रथेस मनाई केली.

आतां मुलुंडकडे वळूं. १९२२ च्या सुमारास येथील रस्त्यांची आखणी झाली; १९५७ सालीं मुलुंड मुंबई महापालिकेंत आलें. येथील जुन्या बंगल्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या आहेत. अशा जागीं पाया खणतांना बाटली वर आली, तर ती वाचावी कशी? साच्याच्या सांध्याची रेघ मानेपाशींच थांबली असेल, तर तोंड बहुधा हातानें घडविलेलें. ओठावरून पलीकडे गेली असेल, तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्स यानें स्वयंचलित यंत्र सिद्ध केलें तें १९०३ च्या सुमारास. मानेंत गोटी असलेली सोड्याची बाटली हायरम कॉड याच्या १८७० नंतरच्या युक्तीची. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचकारखाना निघाला, आणि १९१६ सालीं ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. ओगल्यांच्या प्रभाकर कंदिलाचा तुकडा सांपडला, तर स्वदेशीची चळवळ त्या घराच्या ओसरीपर्यंत पोंचली होती असें म्हणतां येईल.

परंतु बाटली वर्षानुवर्षें वापरांत राहते. म्हणून तिच्यावरून एवढेंच ठरतें कीं, तो थर तिच्या आधींचा नाहीं. ती किती खोलीवर, कशाच्या शेजारीं होती ही नोंद नसेल, तर ती कपाटांतील शोभेची वस्तु होते आणि तिची साक्ष बुडते.

हा धोका मुलुंडमध्यें फार मोठ्या प्रमाणावर आहे. येथील कचराभूमी १९६७ ते २०१८ पर्यंत चालली. सुमारें २४ हेक्टर जागेवर ७० लक्ष टन कचरा साठला. ती बंद झाल्यावर जुना कचरा उकरून, चाळून, माती व प्लॅस्टिक वेगळें करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. रहिवाशांच्या आरोग्यासाठीं तें अवश्यच होतें. पण कांचेच्या बाटलीची जागा प्लॅस्टिकनें केव्हां घेतली, कापडी पिशवी केव्हां गेली, हें सांगणारे पन्नास वर्षांचे थर चाळणींत एक होतात. असे जुने ढीग हलविण्यापूर्वीं एक उभा छेद मोजून, छायाचित्रें घेऊन नोंदावा. त्यास खर्च अल्प आणि लाभ कायमचा आहे.

घरच्या परसांतहि हाच नियम पाळावा. जुन्या कुपांत विषारी वायु असतो, तेव्हां त्यांत उतरूं नये. जमिनींत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा मिळाल्यास १८७८ च्या कायद्यानें तो जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा लागतो. आणि साधी फुटकी बाटली मिळाली, तरी ती धुण्यापूर्वीं जागा, खोली व तारीख कागदावर लिहावी. पुढच्या इतिहासकाराला बाटलीइतकाच तो कागदहि उपयोगी पडेल.