मनोविकारचिकित्सेच्या शाखा : त्या कोणासाठी निघाल्या?

मनाच्या आजाराला आपल्या भाषेत आजवर एकच शब्द पुरत आला आहे. बाळंतीण आठ दिवस कोणाशी बोलत नाही, तरणा मुलगा रात्रभर एकटाच पुटपुटतो, म्हाताऱ्या वडिलांना घरची वाट सापडत नाही, कर्जबाजारी माणूस विहिरीच्या काठावर जाऊन बसतो. या चौघांनाही गाव एकाच नावाने ओळखते. कोणी 'वेड लागले' म्हणतो, कोणी 'बाहेरचे झाले' म्हणतो. शरीराच्या दुखण्यांबाबत आपण असे करीत नाही. हिवताप निराळा, क्षय निराळा, मोडलेला हात निराळा, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते. मनाच्या दुखण्यांत मात्र हा भेद पडावयास फार काळ लागला, आणि तो कसा पडत गेला हाच आजचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही. कामगार संघटनेचे काम करताना जे वाचले आणि जे पाहिले, त्या आधाराने बोलणार आहे. म्हणूनच या इतिहासाकडे मी एक प्रश्न घेऊन पाहतो : ही विद्या जेव्हा जेव्हा एखादी नवी शाखा काढते, तेव्हा ती कोणाच्या दुःखामुळे काढते, आणि पुढे त्या शाखेची सावली कोणाच्या अंगणात पडते?

प्रारंभ फ्रान्सपासून करू. पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील आश्रमात वेड्यांना साखळदंडांनी बांधून ठेवीत. फिलिप पिनेल हा वैद्य 1793 मध्ये तेथे आला आणि त्याने वेड्यांच्या बेड्या तोडल्या, अशी प्रसिद्धी आहे. त्यावर मोठमोठी चित्रेही रंगविली गेली आहेत. परंतु बिसेत्रमधील बेड्या प्रत्यक्षात काढल्या त्या 1797 मध्ये, ज्याँ-बातिस्त प्युसँ या माणसाने. हा प्युसँ कातडी कमावणारा कामगार. गंडमाळेचा रोगी म्हणून तो त्याच आश्रमात दाखल झाला, बरा झाल्यावर तेथेच नोकरीस राहिला आणि पुढे वेड्यांच्या विभागाचा मुख्य झाला. त्याच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. त्याची पत्नी मार्गरीत हीही त्याच्या बरोबरीने रोग्यांची देखभाल करी. पिनेलने आपल्या ग्रंथात प्युसँचे ऋण मान्य केले आहे, हा त्याचा मोठेपणा. लोकांनी मात्र पिनेललाच लक्षात ठेवले. या शास्त्राच्या पायाचा एक दगड एका कामगाराने बसविला आहे, ही गोष्ट आपण विसरू नये.

'सायकिएट्री' हा शब्द त्यानंतरचा. जर्मन वैद्य योहान राइल याने तो 1808 मध्ये प्रचारात आणला. शतकाच्या शेवटी, 1899 मध्ये, क्रेपेलिन याने गंभीर मनोविकारांचे दोन मोठे वर्ग निरनिराळे करून दाखविले : एकात माणसाची विचारशक्ती हळूहळू खचत जाते, दुसऱ्यात मन कधी उसळते तर कधी बुडते, आणि मधल्या काळात तो माणूस ठीक असतो. पहिल्या वर्गाला 1908 मध्ये ब्लॉयलर याने 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिले. त्याच सुमारास, 1906 मध्ये, आलोइस अल्झायमर याने स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूत झालेले बदल जगापुढे मांडले. वार्धक्यातील मनोविकारांच्या शाखेचे बीज येथे आहे. अशा रीतीने 'वेड' या एका काळोख्या खोलीला दारे पडू लागली.

आपल्या देशात त्या वेळी काय चालले होते? 1857 च्या उठावानंतर लगेच, 1858 मध्ये, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. पुढे 1912 चा कायदा आला. या दोन्ही कायद्यांचा रोख उपचारांपेक्षा बंदोबस्ताकडे अधिक होता. वेड्याला आत घालण्यासाठी मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या इस्पितळांवर देखरेख होती ती तुरुंगखात्याच्या अधिकाऱ्यांची! नागपूरचे इस्पितळ 1864 चे, रत्नागिरीचे 1886 चे, ठाण्याचे 1901 चे. त्यांत पुण्याजवळचे येरवडा मिळविले की महाराष्ट्राची चार जुनी मनोरुग्णालये होतात. चारही मराठवाड्याच्या बाहेर आहेत. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे मनोरुग्णालय जालन्यास होते, पण 1950 नंतरच्या वर्षांत ते हैदराबादेस एर्रगड्डा येथे हलविले गेले. पुढे 1956 मध्ये मराठवाडा हैदराबादपासून निराळा झाला. म्हणजे राज्य बदलले, भाषेचे राज्य आले, आणि दवाखाना मात्र सरहद्दीपलीकडे राहिला.

1946 साली भोर समितीने देशाचा हिशेब मांडला. सर्व हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या; सुमारे चाळीस हजार लोकांमागे एक खाट. इंग्लंडात हेच प्रमाण तीनशे लोकांमागे एक असे होते.

आता शाखांकडे वळू. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परत येणारे शिपाई अंगावर जखम नसताना थरथरत, मुके होत, चालेनासे होत. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स याने या विकारावर 'शेल शॉक' या नावाने लिहिले. तोवर अशा शिपायाला भेकड ठरविण्याची रीत होती. शूर माणसाचेही मन मोडते हे लष्कराला मान्य करावे लागले, कारण लष्कराला माणसांची गरज होती. आघाताने होणाऱ्या मनोविकारांचा अभ्यास तेथून वाढला. आपल्या भागाला त्याची ओळख 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाली. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाने हजारो माणसे गाडली गेली. घरे पुन्हा बांधून झाली, परंतु भिंत हलल्याचा भास होऊन रात्री उठून बसणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तेव्हा वैद्यांनाही पडला आणि भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा रीतसर अभ्यास झाला.

मुलांची शाखा निघाली ती न्यायालयामुळे. शिकागो शहरात 1899 मध्ये बालगुन्हेगारांसाठी स्वतंत्र न्यायालय झाले आणि 1909 मध्ये त्या मुलांची मने तपासणारी संस्था निघाली. मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने 1937 मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडले. ते देशातले पहिले होय. गुन्हा आणि वेड यांचा संबंध पाहणारी न्यायवैद्यक शाखा तर त्याहून जुनी. इंग्लंडातील 1843 च्या मॅकनॉटन खटल्यानंतर ठरलेली तत्त्वे 1860 च्या दंडसंहितेत कलम 84 म्हणून आली आणि आज न्यायसंहितेच्या कलम 22 मध्ये कायम आहेत.

व्यसनमुक्तीचे उदाहरण आपल्या घरचे आहे. गर्दच्या विषाने तरुण पोरे नासू लागली, तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यास 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचा हात त्यामागे होता. ज्याला समाज 'बेवडा' म्हणून हाकलून देई, तो रोगी आहे, आणि स्वतः व्यसनातून सुटलेला माणूस दुसऱ्याला सोडविण्यास उत्तम साह्यकर्ता होतो, हे तेथे दिसून आले. प्युसँची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

मात्र एक शाखा आपल्याकडे अजून नीट रुजलेली नाही : श्रम करणाऱ्याच्या मनाची. यंत्रात बोट सापडले तर त्याचा फॉर्म आहे, भरपाई आहे. मन सापडले तर कागदावर एकच शब्द पडतो, 'गैरहजर'. 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याखाली दीर्घ आजारांच्या यादीत मनोविकृतीचा समावेश झाला, ही मोठी गोष्ट होती; विमेदार गिरणीकामगाराला अशा आजारात दीर्घकाळ पगाराचा हिस्सा मिळू शके. परंतु त्याच कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि साखर कारखाना हंगामी गणला गेला. ऊसतोडीच्या कोयत्यावर जाणारे जोडपे तर कारखान्याच्या हजेरीपटावरच नसते. जेथे ताण सर्वांत जास्त, तेथे विमा सर्वांत कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

शेतकऱ्याच्या बाबतीत सरकारला उशिरा का होईना जाग आली. 2015 मध्ये मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला, त्यांत आपला जिल्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरून चालावे, असे सांगितले. शंभरांहून अधिक वर्षे ज्याला पोलीस शोधीत, त्याला आता वैद्याने शोधावयाचे आहे. एवढा पालट कागदावर झाला.

कागदाखालची जमीन मात्र वेगळी आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मनोविकार आढळला, आणि निरनिराळ्या विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रोग्यांना उपचार मिळत नव्हते. शाखा वाढल्या, त्या शहरांत वाढल्या. अणदूरच्या माणसाने मुलासाठी एक तज्ज्ञ, म्हातारीसाठी दुसरा आणि भावाच्या दारूसाठी तिसरा असे सोलापूर-पुण्याचे हेलपाटे घालावे, तर मजुरी कोणी बुडवावयाची?

यावर उपाय नाही असे नाही. गोव्यात 'संगथ' संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून आरोग्यकेंद्रांत समुपदेशक नेमले, आणि सरकारी आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या व चिंतेच्या रोग्यांना त्याचा गुण आला. हा निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला हे नवल वाटू नये. आपल्या अणदुरातच हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील बायांना शिकवून 'भारतवैद्य' तयार केल्या. ताप आणि बाळंतपण जी बाई ओळखू शकते, ती शेजारणीचे न बोलणेही ओळखू शकेल. तिला शिक्षण, औषधांचा साठा, वर पाठविण्यासाठी डॉक्टर, आणि तिच्या कामाचा रास्त मोबदला दिला पाहिजे. शेवटची अट मी मुद्दाम सांगतो, कारण सेवेच्या नावाखाली फुकट राबविणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

देवाला जाण्यास माझा विरोध नाही. खंडोबाच्या दारात उभे राहून मनाला धीर येत असेल तर माणसाने जरूर जावे. पण भंडारा कपाळी लावून झाल्यावर दवाखान्याचीही पायरी चढावी, आणि ती पायरी गावापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावी. 14416 या क्रमांकावर सरकारची 'टेलिमानस' सेवा 2022 पासून आहे. तो क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेत आणि कारखान्याच्या फाटकावर ठळक लिहावयास कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. तेवढे आपण या आठवड्यात करू शकतो. उरलेले, म्हणजे तालुक्याच्या रुग्णालयात ठरल्या वारी बसणारा मनोविकारतज्ज्ञ आणि तेथे न चुकता मिळणारी औषधे, हे मागून घ्यावे लागेल. आणि मागणी एकट्याने करावयाची नसते, एवढे माझ्या धंद्याने मला शिकविले आहे.